नऊ बाय सात

आमचे सारे आयुष्य मापात गेले. कर्नाटक सरकारच्या वजनमापे खात्यातली नोकरी. तराजूंचे काटे तपासावेत, वजनांवर शिक्के मारावेत, खोटी मापे जप्त करावीत. 'अंदाजे' हा शब्द कानी पडला की आमच्या कपाळी आठी पडे. जनवाड्याच्या घरी आई सोन्याचा हिशोब गुंजांत सांगू लागली की आम्ही तिला ऐकवीत असू, वेलीवरच्या दोन गुंजा कधी सारख्या भरत नाहीत. कॅरट म्हणजे मात्र जगभर 200 मिलिग्रॅमच. ती हसे आणि आपला हिशोब पुढे चालवी.

तिच्या बोटात एक ओपल होता. वडिलांनी निजामी अमलात हैदराबादेहून आणलेला. रंग दुधाळ, हात हलला की त्याच्या एका कडेला हिरवी रेघ पेटे आणि विझे. 'ओपल' हे नाव आपल्या 'उपल' शब्दावरून गेले असे पुष्कळ जाणकार मानतात, आणि उपल म्हणजे नुसता दगड. वाळूत असते तीच सिलिका. तिचे अतिसूक्ष्म गोल रांगांनी रचलेले, मध्ये थोडे पाणी. प्रकाश त्या रांगांवर फुटतो आणि रंग दिसतात. जेथे रचना नीट, तेथेच रंग. सबंध खड्यात तो सारखा नसतो. हे आम्हांस फार उशिरा कळले.

2017 साली थोरल्या लेकीचे लग्न ठरले. आई तोवर गेली होती. तिचा खडा नव्या अंगठीत बसवावा असे आमच्या सौं.च्या मनात आले, आणि आम्ही हैदराबादेत एक तयार अंगठी पसंत केली. तिचे घर नऊ बाय सात मिलिमीटरचे. खडा मोजला तर लांबी 9.4, रुंदी 7.3. बिदरचे आमचे वृद्ध सोनार म्हणाले, "साहेब, सोनं खड्याच्या अंगानं वळवू या. खड्याला कशाला हात लावता?" लग्नाची तारीख जवळ आली होती हे खरेच, पण खरे कारण निराळे. चार दशांशांचा फरक आमच्या डोळ्यांना खुपत होता. एका पैलूकाराकडे खडा पाठवला, सोबत आमच्या अक्षरात चिठ्ठी: 'नऊ बाय सात, तंतोतंत.'

खडा परत आला. मोजून पाहिला, मापात तिळमात्र खोट नव्हती. हिरवी रेघ त्या चार दशांशांतच राहत होती.

लेकीने अंगठी घातली, हात उजेडात धरला आणि विचारले, "अप्पा, हा आजीचाच ना?" आम्ही हो म्हटले.

मग या विषयाचा आम्ही नाद घेतला. ठरावीक मापे वाईट नव्हेत. 6 बाय 4, 7 बाय 5, 8 बाय 6, 10 बाय 8 असे लंबगोल खडे बाजारात चालतात, कारण तयार घरे त्याच मापांची ओतली जातात; उद्या खडा फुटला तर दुसरा मिळतो. मात्र उत्तम कच्चा ओपल मापात बसवण्यासाठी कारागीर सहसा झिजवीत नाहीत, वेडावाकडाच ठेवतात. नवा खडा घ्यायचा तर माप आधी पाहावे. घरातला जुना खडा असेल तर सोनाराचे ऐकावे. आमच्या बिदरीत जस्त-तांब्याच्या भांड्यावर आधी चर कोरतात आणि चांदीची तार त्यात ठोकून बसवतात. चांदी ऐकते. ओपल ऐकत नाही. त्याचे काठिण्य साडेपाच ते साडेसहा, म्हणजे धुळीतल्या गारेच्या कणांनीही त्यावर ओरखडा उठतो.

धाकटीच्या कानातल्यांसाठी 7 बाय 5 ची जोडी घ्यायला गेलो तेव्हा आमच्यापाशी मोजपट्टी होती, पण ती सर्वांत शेवटी बाहेर काढली. आधी दोन्ही खडे शेजारी ठेवून चहूकडे फिरवले; रंग एकाच बाजूने दिसतो की सरळ वरूनही, हे पाहिले. मग आडव्या बाजूने डोळा लावला. कडेला सरळ रेघ दिसली तर जोडखडा समजावा: ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या तळावर चिकटवलेला, कधी वर काचेची टोपी. स्वस्तातले मापाचे खडे पुष्कळदा असेच निघतात, आणि पाणी लागून चिकटवण सुटते. लांबी-रुंदी जुळली तरी उंची जुळेलच असे नाही. एक खडा घरात बुडतो, दुसरा वर डोकावतो. शुक्रासाठी रत्तीवर तोलून घेणारे हे काहीच पाहत नाहीत, असो. घर शक्यतो चहूबाजूंनी कड वळवलेले घ्यावे, आणि आचेचे सारे काम उरकल्यावरच खडा बसवावा.

इथिओपियातल्या वेलो भागात 2008 साली सापडलेले ओपल आता सर्वत्र दिसतात. ते देखणे खरे, पण पाणी आणि तेल शोषून घेतात. म्हणून धाकटीच्या हळदीच्या दिवशी तिची कानातली आधी काढून ठेवायला लावली. थोरलीचा खडा त्या जातीचा नव्हे, तरी तिनेही अंगठी उतरवली आणि सांभाळायला आमच्या हाती दिली. आम्ही ती खिडकीशी नेली आणि सवयीने त्याच कडेने उजेडात फिरवून पाहिली.