एकादशी आणि दुप्पट खाशी

आजीची एकादशी असली की घरात सगळ्यात जास्त आनंद आम्हा नातवंडांना व्हायचा. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. तिचा खरा अर्थ मात्र मला राहुरीला हॉस्टेलवर, तिसऱ्या वर्षाला कळला.

झालं असं, की गॅदरिंगपर्यंत ‘कट्स’ दिसलेच पाहिजेत असं मी ठरवलं. मेसमध्ये मोजून दोन चपात्या, भात बंद, पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर धावणं आणि संध्याकाळी जिम. दोन महिन्यांत 74 किलोचा 67 झालो. पोरं म्हणाली, ‘भारी रे!’ आणि मग गाडी अडली. काटा हलेना, उचलायचं वजन उतरलं, झोप लागेना. लेक्चरला बसलो तरी डोक्यात मिसळ. पार्टनरवर तर विनाकारण खेकसायचो.

एका शनिवारी रात्री, पार्टनर झोपल्यावर, आईनं सगळ्यांसाठी पाठवलेला लाडवांचा डबा मी अंधारात उघडला. अकरा लाडू! शेवटच्या दोनची तर चवही कळली नाही. रविवारी प्रायश्चित्त म्हणून दिवसभर उपाशी. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आईनं फोनवर विचारलं, ‘‘पुरले का रे सगळ्यांना?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ ते ‘हो’ लाडवांपेक्षा जड गेलं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. आमच्याकडे संगमनेरी शेळ्या आहेत. भरडा मोजता मोजता ते म्हणाले, ‘‘शेळ्या फळवायच्या आधी दोन-तीन आठवडे आपण खुराक वाढवतो का नाही? पण मापानं. पोतं पुढं सोडून मोकळं होत नाही.’’

मित्रांनो, जिमवाले ज्याला ‘रिफीड’ म्हणतात ते एवढंच आहे. वेळ बघून, ठरवून, मापानं वाढवलेलं खाणं. खाणं कमी झालं की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घसरतं आणि भूक खवळते. एका दिवसाच्या जेवणानं त्यात कायमचा फरक पडत नाही. चरबीही त्यामुळे जादा जळत नाही. ऑस्ट्रेलियात व्यायाम करणाऱ्यांवर झालेला एक प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा गरजेइतकं खाणाऱ्यांची चरबी इतरांइतकीच उतरली, पण त्यांना भूक कमी लागली. आणि डाएट मोडतं ते भुकेनंच!

आता थोडं गणित. गरज 2400 कॅलरीची, आपण सहा दिवस 2000 खाल्ल्या, म्हणजे 2400 वाचल्या. रविवारी ‘दुप्पट खाशी’ करून 4800 चापल्या, की हिशेब शून्य! म्हणून त्या दिवशी गरजेइतकं, फार तर थोडं जास्त. तेही भाकरी, भात, केळी यांतून, भज्यांतून नव्हे.

असा दिवस कधी घ्यावा? ज्याचं पोट सुटलंय आणि डाएटचा पहिलाच महिना आहे, त्याला सहसा गरज नाही. त्याच्या कोठारात भरपूर शिल्लक आहे. अंग बऱ्यापैकी उतरलंय, व्यायामात ताकद घसरतेय आणि दिवसभर डोक्यात जेवणच घोळतंय, त्यानं आठवड्यातून एक दिवस ठरवावा, शक्यतो जड व्यायामाचा. मी रविवार धरला. दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद! सोमवारी काटा किलोभर वर दिसला तरी घाबरू नका. किलोभर चरबी चढायला सुमारे 7700 कॅलरी जादा लागतात. ते वजन बहुतेक पाण्याचं. स्नायूंत साठणारी एक ग्रॅम साखर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. दोन-तीन दिवसांत ते उतरतं.

आणि हो, चोरून खाणं आणि मग उपाशी राहणं हे चक्र सुरू झालं असेल तर ते रिफीड नव्हे. तिथे डाएट थांबवा आणि कुणाशी तरी बोला. अंधारात डबा उघडणारे आपण एकटेच नसतो.

कट्स काही गॅदरिंगपर्यंत आले नाहीत. असो. आता डबा येतो तो रविवारी, सगळ्यांसमोर उघडतो. माझे दोन लाडू, बाकी मजल्यावरच्या पोरांचे. परवा आईनं पुन्हा विचारलं, ‘‘पुरले का रे सगळ्यांना?’’

मी म्हणालो, ‘‘नाही गं, कमी पडले.’’