अजून दोनच वर्षं

२००४ साली एम.एस.साठी अमेरिकेत आलो, तेव्हा आईला सांगितलं होतं, "दोन वर्षांत परत येतो." मग कर्ज फेडायचं होतं, मग ग्रीन कार्डची रांग, मग मुलांच्या शाळा. आपल्यापैकी अनेकांसारखीच माझी 'दोन वर्षं' दर फोनवर पुढे सरकत राहिली.

गेल्या हिवाळ्यात क्लायंटच्या गावी हॉटेलात पहाटे तीनला जाग आली. छातीत धडधड. प्रोजेक्ट वेळेवर, घरी सगळे सुखरूप. मग ही धास्ती कसली?

उत्तर मिळालं ते लेकीच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात. भीतीला कारण असतं: सर्व्हर बंद पडेल, नोकरी जाईल. चिंतेला तसं बोट दाखवता येत नाही. डॅनिश विचारवंत कीर्केगार्दने १८४४ मध्ये हा फरक मांडला. कड्यावरून खाली पाहताना यावी तशी ती स्वातंत्र्याची भोवळ, असं तो म्हणतो. हायडेगरने १९२७ मध्ये तो धागा पुढे नेला. एरवी आपण चारचौघांसारखं जगतो. चिंता आपल्याला त्यातून उपटून आपलं आयुष्य आपल्याच समोर ठेवते.

पण मला खरं पकडलं ते सार्त्रने. १९४५ मधल्या पॅरिसच्या व्याख्यानात त्याने आपल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात. थोरला भाऊ १९४० च्या लढाईत गेलेला, आईला हा एकच आधार. इंग्लंडला जाऊन लढणाऱ्या फ्रेंचांना मिळावं की आईजवळ राहावं? सार्त्रने सल्ला दिला नाही. तू मोकळा आहेस, तूच निवड, एवढंच सांगितलं.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. पण कर्ज, व्हिसा, शाळा यांनी मला अडवलं, असं मी वीस वर्षं सांगत आलो. खरं तर राहायचं मीच ठरवलं होतं. सार्त्र याला स्वतःचीच केलेली फसवणूक म्हणतो.

त्या रविवारी फोनवर म्हटलं, "आई, मी कायमचा परत येणार नाही. इथे राहायचं मीच ठरवलंय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अरे, मला केव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस, एवढंच बघत होते. तुझी वरच्या खोलीतली पुस्तकं आता कुणाला देऊन टाकू का?"

आवंढा गिळून "हो" म्हणालो.

चिंता गेली का? नाही. आई तिकडे एकटीच आहे. पण डिसेंबरचं तिकीट काढलंय, सहा आठवड्यांचं. येण्याची तारीख सांगितली, आणि या वेळी जाण्याचीही.