चिंचोक्यांचा ताळा

पनवेलच्या पेठेत भाताची मापे पायली-खंडीने होत आणि दुकानांची कीर्द रुपये-आणे-पैंत लिहिली जाई, त्या काळी सोळा आणे आणि बारा पैंच्या हिशेबाला पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे मुखोद्गत असल्यावाचून गत्यंतरच नव्हते. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला आणि त्या पाठांतराची निकड सरली. परंतु त्या मुनीम-कारकुनांची एक सवय त्यासोबत लोपावयास नको होती. उत्तर आले म्हणजे काम संपले असे न मानता ते दुसऱ्या वाटेने पडताळून घ्यावयाचे, ही ती सवय. तिलाच ते ताळा म्हणत.

उमेदीची वर्षे प्राथमिक शाळेत घालवून आता घरी नातीला बेरीज शिकवताना मला या ताळ्याचे महत्त्व अधिकच पटू लागले आहे. मूल पाटीवर आकडा लिहिते आणि तत्क्षणी मान वर करून आपल्या मुद्रेकडे पाहते. आपली भुवई किंचित हलली, की बरोबर असलेले उत्तरही पुसून टाकते. असे मूल गणिताऐवजी शिकवणाऱ्याचा चेहरा वाचावयास शिकते.

चौतीस आणि अठ्ठावीस यांच्या बेरजेत नातीने चार-आठ बारा, तीन-दोन पाच, असे म्हणत ५१२ लिहिले. जुन्या कारकुनांचा नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून घ्यावयाचा पडताळा, येथे लावून पाहावा, तर मौज अशी, की तो ही चूक बिनतक्रार मंजूर करतो : ५१२ च्या अंकांची बेरीज आठ, आणि खऱ्या उत्तराच्या, म्हणजे ६२ च्या, अंकांची बेरीजही आठच. त्रेचाळीस ऐकून ‘त्रे’ आधी कानी पडल्यामुळे ३४ लिहिणारे मूलही या ताळ्यातून सहीसलामत सुटते. ही दुसरी अडचण ध्यानी घेऊनच डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीच्या काळात, २०१९ साली, दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘चाळीस तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले आणि त्यावरून महाराष्ट्रभर वादंग माजले. वाद बाजूस ठेवला तरी चुकीचे मर्म एकच राहते : नवाचा ताळा अंक पाहतो, अंकाचे घर पाहत नाही, आणि मुलाची चूक नेमकी घरातच असते.

म्हणून आमचा ताळा चिंचोक्यांचा. रिकाम्या काड्यापेटीत दहाच चिंचोके भरावयाचे, उरतील ते सुटे ठेवावयाचे, एवढा एकच नियम. तीन पेट्या चार सुटे, दोन पेट्या आठ सुटे. सुटे एकत्र केले की बारा होतात, त्यांतील दहा नव्या पेटीत जातात, आणि ‘हातचा एक’ म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. तत्पूर्वी मात्र अंदाज बांधावयाचा : पाच पेट्या तर आहेतच, सुटे दोन्हीकडे दहाच्या आत, तेव्हा उत्तर पन्नासाच्या वर आणि सत्तराच्या खाली. एवढे कळलेल्या मुलाला ५१२ हा आकडा स्वतःलाच खटकतो.

“आजी, बरोबर आहे ना?” असे ती विचारते, तेव्हा मी “पेट्यांना विचार,” एवढेच म्हणते. शाळेत भरलेला वर्ग आणि तासाची घंटा यांच्यामध्ये असे थांबणे शिक्षकाला क्वचितच साधते. घरी ते साधते, आणि घरच्या शिकवणीचा विशेष लाभ मला याच सवडीत दिसतो. परवा उरण नाक्यावर मेथीचे पंचवीस आणि वांग्यांचे तीस मिळून पंचावन्न झाले, असे मी सांगून टाकले, तर नात म्हणाली, “थांब, मी ताळा घेते.” वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विसंबणे हा अन्यत्र सद्गुण असेल, अंकगणितात मात्र त्यांचाही शब्द तपासणीस पात्र आहे, हे ज्या मुलाला उमगले, त्याचा पाया पक्का झाला असे मी समजते.