अंगवळणी

खेळाच्या नियमांकडे आपण सहसा निव्वळ सोय म्हणून पाहतो. कथेत विधान असते, कवितेत भूमिका असते, नियमात मात्र फक्त व्यवस्था असते, असा सार्वत्रिक समज. गेली दोन वर्षे आम्ही तिघे मित्र मराठीत एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम रचण्याच्या खटाटोपात आहोत. त्यातून हाती आलेले एक निरीक्षण येथे मांडत आहोत : माणूस म्हणजे काय, याविषयीचे अत्यंत ठाम विधान कधीकधी साध्या बेरीज-वजाबाकीच्या नियमात दडलेले असते.

हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि यशापयशाची शंका असेल तेथे फासे पडतात. संहिता नाही, प्रेक्षक नाही. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. आम्ही त्याला पात्रपत्रिका म्हणतो. बळ किती, बुद्धी किती, कोणती विद्या किती अवगत, हे सारे तीवर आकड्यांत मांडलेले. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा आराखडा पुष्कळसा तसाच राहिला आहे.

आमच्या खेळाचा विषय ट्रान्सह्यूमॅनिझम. तंत्रज्ञानाच्या साहाय्याने माणसाने देहाच्या आणि बुद्धीच्या मर्यादा ओलांडाव्यात, असा हा विचार. ज्युलियन हक्सली यांनी १९५७ साली याच शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. हा विषय घेतला की पात्रपत्रिकेपुढेच पेच उभा राहतो. देह बदलला तर कागदावरचे कोणते आकडे खोडायचे आणि कोणते ठेवायचे?

एक उत्तर माइक पॉन्डस्मिथ यांच्या १९८८ सालच्या ‘सायबरपंक’मध्ये मिळते. तेथे देहात यंत्र बसवले की पात्राची समानुभूती घटते. ती शून्यावर आली की पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि सूत्रधाराच्या ताब्यात येते. रूपक म्हणून हे प्रभावी आहे : यंत्राचा हव्यास माणुसकी खातो. पण नियम रूपकासारखा वागत नाही. तो सर्वांना सारखाच लागू होतो. या धाटणीचा नियम आम्ही आमच्या पहिल्या खर्ड्यावर चर्चेला घेतला, त्या दिवशी आमच्यातला एक जण सतरंजीवर मांडी घालून बसला होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली जयपूर फूट आहे. १९६८च्या सुमारास जयपुरात घडलेला हा रबरी पाय मुळी याचसाठी नावाजला गेला, की तो लावून माणसाला अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते. मित्राने शांतपणे विचारले, “मग माझे किती गुण वजा?”

कोणी हसले नाही. २०२०च्या ‘सायबरपंक रेड’मध्ये गमावलेल्या अवयवाच्या जागी वैद्यकीय उपचार म्हणून बसवलेल्या अवयवाला ही किंमत पडत नाही, अशी दुरुस्ती आहे. ती स्वागतार्ह खरीच. परंतु गरज कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते, हा निवाडा मग कोणी करायचा?

दुसरे उत्तर पोस्टह्यूमन स्टुडिओजच्या ‘एक्लिप्स फेज’चे. २००९ साली आलेल्या या खेळात मन आणि देह यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते. मनाची प्रत काढून ती नव्या देहात घालता येते. या देहांतराला तेथे वापरलेला शब्द ‘स्लीव्ह’पासून, म्हणजे बाहीपासून बनलेला. रिचर्ड मॉर्गन यांच्या २००२ सालच्या ‘ऑल्टर्ड कार्बन’ कादंबरीतही देहाला हाच शब्द आहे. मराठी वाचकाला येथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला वस्त्राचा दृष्टांत आठवल्यावाचून राहणार नाही. फरक असा, की गीतेतला वस्त्र बदलणारा अविकारी आहे. ‘एक्लिप्स फेज’मधल्या पात्राला मात्र नवा देह आपलासा वाटतो की परका, हे फासे टाकून ठरवावे लागते, आणि दान उलटे पडले तर मनावर ताण येतो.

तरीही पहिल्या आवृत्तीत एक गोष्ट आम्हांला खटकली. बुद्धी आणि निर्धार तर मनाच्या खात्यावर आहेतच, पण हातापायांचा मेळ आणि चपळाईही मुळात तेथेच मांडलेली. देह त्यांत भर घालतो किंवा त्यांना मर्यादा घालतो, इतकेच. म्हणजे वादकाचे कौशल्य बोटांत नाहीच!

मराठी भाषा याच्या नेमके उलट बोलते. आपला हात ‘बसतो’, पाठांतर ‘तोंडपाठ’ होते, सवय ‘अंगवळणी’ पडते. शिकणे म्हणजे देहाला वळण लागणे, हे आपण इतक्या सहज बोलतो की त्यातला सिद्धान्त लक्षातही येत नाही. शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची आख्यायिकाही हेच सुचवते. जे ज्ञान संन्याशाच्या देहात मिळणे शक्य नव्हते त्यासाठी ते अमरुक राजाच्या देहात शिरले, आणि त्या देहात असे रमले की शिष्यांना येऊन त्यांना जागे करावे लागले. बाही अंगाला आकार देते तो असा.

आमचा नियम अखेर मित्राच्याच सांगण्यावरून ठरला. “पाय मोजू नका, सवय मोजा,” तो म्हणाला. म्हणून आमच्या खेळात यंत्राला किंमत नाही, देहांतरालाही नाही. पात्रपत्रिकेवर फक्त ‘अंगवळणी’ नावाचा एक रकाना आहे. नव्या देहात तो शून्यापासून सुरू होतो आणि पात्र त्या देहाने जे जे करील त्यासरशी भरत जातो. पहिल्या पायऱ्या उतरताना फासे, दहाव्या वेळी नाहीत.

नियम परिपूर्ण आहे असे मुळीच नाही. मागच्या बैठकीत एका पखवाजवादकाचे पात्र नव्या देहात गेले. हात बसलेला नव्हता, हे सर्वांना मान्य. खेळाडूचे म्हणणे, बोल तरी तोंडपाठ आहेत, ते म्हणता आले पाहिजेत. त्यावर समोरून प्रश्न आला : तोंडही नवेच, नाही का? रात्री उशिरापर्यंत वाद चालला. देहाबरोबर सगळेच गेले, तर नव्या देहात आले ते कोण? आणि काही उरले, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? तूर्त खर्ड्यात त्या जागी एवढेच नोंदले आहे, की बोल म्हणता येतील, लय मात्र फासे ठरवतील.