बेस घेताना: वाजवणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मिरजेत वाद्य घेणं ही नवलाची गोष्ट नाही. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे सतार आणि तंबोरा घडवायला सुरुवात केली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच काम करतात आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडून येणारा भोपळा, तुणीचं लाकूड, जवारी हे शब्द आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. पण याच गावातल्या घरात कुणी बेस गिटारचं नाव काढलं, की लोक विचारतात, हे काय नवीन? चारच तारा, त्यावर गाणं वाजत नाही, मोबाईलवर ऐकलं तर आवाजही येत नाही. मग यावर एवढे पैसे कशाला?

हा प्रश्न आमच्या घरात आला तो माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलामुळे. तो पुण्यात राहतो आणि दोन बँडमध्ये बेस वाजवतो. इतके दिवस मित्राचा बेस वापरत होता. मित्र नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि बेस त्याच्याबरोबर गेला. भाच्याचा फोन आला, "खाला, पंचेचाळीस हजार लागतील. दरमहा फेडतो." माझी भिशी नुकतीच लागली होती, पण ते पैसे पावसाआधी गच्ची गळायची थांबवण्यासाठी ठेवलेले होते. दूल्हाभाईंचं म्हणणं सरळ होतं, "इतने में रिक्षे का डाऊन पेमेंट हो जाता." त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याचा हिशोब विसाव्या तारखेला संपतो, तिथे माणूस असाच विचार करतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, वाद्य एकही वाजवत नाही. मी भाच्याला म्हटलं, "आधी मला शिकव, मग पैसे." दीड महिना रोज संध्याकाळी फोनवर आमचा तास चालला. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहितेय, कारण असा प्रश्न आणखी काही घरांत आला असेल.

बेसचं काम काय, हे आधी समजून घ्यावं लागतं. शेर म्हणताना बहर कुणी मोजत बसत नाही, पण एक मात्रा सांडली की कान अडतो. बेस तसाच असतो. त्याच्या सर्वात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झवर असतो, पाच तारांच्या बेसमध्ये तो ३१ पर्यंत उतरतो. मोबाईलचा इवलासा स्पीकर इतका खालचा सूर काढूच शकत नाही. म्हणून फोनच्या स्पीकरवर व्हिडिओ बघून बेस पसंत करण्यात अर्थ नाही, निदान चांगले हेडफोन तरी लावावेत. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. आजच्या पोरांना मुंबईची मोहिनी डे माहीत असते. जुनी गाणी हेडफोन लावून पुन्हा ऐका, खाली कुणीतरी चालतंय हे तेव्हा कळतं.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे येते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी माणसाएवढा उभा डबल बेस असायचा. तो वाहून न्यायचा त्रास, आणि ड्रमपुढे त्याचा आवाजही दबायचा. नव्या बेसला गिटारसारखे पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन. १९६० साली त्याच कंपनीचा जॅझ बेस आला. त्याची मान वरच्या टोकाला अरुंद आणि पिकअप दोन. बाजारात आज दिसणारे बरेचसे बेस या दोघांचे नातेवाईक आहेत. प्रिसिजनचा आवाज भरीव, गर्दीत आपली जागा धरून राहणारा. जॅझचा जास्त स्पष्ट, दोन पिकअपचं प्रमाण बदलून रंग बदलता येणारा. लग्नाच्या रिसेप्शनला एकाच रात्री जुनी गाणी, पंजाबी ठेका आणि इंग्रजी पॉप वाजवावं लागतं. अशा वाजवणाऱ्याला दोन्ही तऱ्हेचे पिकअप असलेला बेस सोयीचा पडतो. यामाहाच्या स्वस्त मालिकेत असे बेस मिळतात, आणि फेंडरचाच धाकटा भाऊ असलेल्या स्क्वायरमध्येही.

पुढचा प्रश्न ॲक्टिव्ह की पॅसिव्ह. ॲक्टिव्ह बेसच्या पोटात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट असतं, त्यामुळे बास आणि ट्रेबल बेसवरच वाढवता येतो. पण बॅटरी भर कार्यक्रमात संपली तर आवाज फाटतो किंवा बंदच पडतो. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचलेली असली की बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची आणि खिशात एक जादा बॅटरी ठेवायची. पॅसिव्हला ही कटकट नाही. सुरुवातीला पॅसिव्ह बरा, असं आमचं ठरलं.

वजन हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. साधारण बेस ४ किलोच्या आसपास असतो. दुकानात स्टुलावर बसून तो हलका वाटतो, पण रिसेप्शनला तीन तास उभं राहून वाजवायचं असतं. पट्टा लावून अर्धा तास उभं राहून वाजवून बघावं. हात सोडल्यावर मान खाली झुकत असेल तर तो बेस ठेवून द्यावा, नाहीतर डावा हात वाजवण्याऐवजी वजन पेलत बसतो. नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची असते. हात लहान असेल तर ३० इंचांचेही मिळतात. पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा प्रसिद्ध हॉफनर बेस तसा आहे.

नवा घ्यावा की जुना? जुना चालतो, पण मान वाकलेली नाही ना, मानेतली लोखंडी सळई फिरते ना, आणि प्रत्येक पडद्यावर सूर मोकळा वाजतो ना, हे जाणकाराला बरोबर नेऊन बघावं. घेतल्यावर सेटअप करून घ्यायचाच. जवारी नीट लागली नसेल तर उत्तम तंबोरासुद्धा बोलत नाही, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बेसचंही तसंच. तारांची उंची, मानेचा बाक आणि सुरांचा मेळ बसवल्यावर मध्यम किमतीचा बेसही मन लावून बोलतो. पावसाळ्याच्या दमट हवेत मान थोडी हलते, तेव्हा हे काम अधूनमधून करावं लागतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ॲम्पवरून. भाच्याला मोठा ॲम्प हवा होता. मी त्याला मागच्या वीस कार्यक्रमांची यादी करायला सांगितली आणि समोर एकच रकाना: तिथे आवाजाची काय सोय होती? यादी आली. तेरा ठिकाणी साऊंडवाल्याने ॲम्प किंवा मॉनिटर ठेवला होता. पाच ठिकाणी बेस थेट मिक्सरला जोडला होता. फक्त दोन कॅफेंमध्ये काहीच नव्हतं. म्हणजे ज्या वस्तूवर तो निम्मे पैसे घालणार होता, ती वीसपैकी दोनदाच लागली असती. त्या दोन वेळा ॲम्प भाड्याने आणता येतो. यादी बघून तो गप्प झाला, मग हसला. "खाला, तुम्ही पेपर तपासल्यासारखं केलंत."

ज्यांना ॲम्प खरंच लागतो त्यांच्यासाठी काही गोष्टी. खालच्या सुरांना ताकद जास्त लागते. गिटारवाल्याचा ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प ड्रमसमोर टिकतो, बेसला त्याच ड्रमसमोर २००-३०० वॅट लागतात. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, वाढ फक्त ३ डेसिबलची असते. १९६९ साली आलेला अँपेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी मोठमोठ्या स्टेजसाठी बनवलेला होता आणि तो उचलायला माणसं लागायची. आता क्लास डी पद्धतीचे ॲम्प तेवढीच ताकद दोन-तीन किलोंत देतात. जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जाणाऱ्याला हा फरक पाठीत कळतो. ॲम्पच्या मागे लिहिलेले ओहम बघावेत. ८ ओहमचे दोन स्पीकर जोडले की एकूण ४ होतात, आणि ॲम्पला चालतात त्याहून कमी ओहम झाले तर तो जळू शकतो. कुणी नातेवाईक अमेरिकेतून ॲम्प आणत असेल तर तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, हे आधी सांगून ठेवावं. आणि मंडपात जनरेटरवर वाजवताना अर्थिंग आहे का ते विचारायला लाजू नये. तारांवर हात असतो, जिवाचा प्रश्न आहे.

पेडलच्या बाबतीत पोरांचं मन सर्वात जास्त धावतं. रंगीत डबे, चमकणारे दिवे. माझा प्रश्न एकच होता, कोणता डबा नसला तर काम अडेल? पहिला ट्यूनर. तो दाबला की आवाज बंद होतो आणि गाण्यांच्या मधे लोकांना कुंई-कुंई न ऐकवता सूर लावता येतो. दुसरा प्रीॲम्प-डीआय, ज्यातून बेस थेट मिक्सरला जातो. पाच ठिकाणी असंच वाजवलेल्या माणसाला हाच त्याचा ॲम्प. तिसरा कॉम्प्रेसर, जो लहान-मोठे ठोके सारखे करतो. हा नंतर घेतला तरी चालतो, हात सुधारला तर त्याची गरजही कमी होते. ओव्हरड्राइव्ह घ्यायचाच असेल तर मूळ स्वच्छ आवाज मिसळायची कळ असलेला घ्यावा, नाहीतर खालचा सूरच गायब होतो. सगळं करून बघायची हौस असेल तर झूमसारखा एकच छोटा मल्टी-इफेक्ट डबा घेऊन आधी कळू द्यावं की आपण खरंच काय वापरतो. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर जेम्स जेमरसनने बेस वाजवला. त्याच्याकडे १९६२ चा प्रिसिजन होता, त्यावर सपाट गुंडाळीच्या जुन्या तारा होत्या, आणि तो मुख्यतः एकाच बोटाने वाजवायचा.

शेवटी हिशोब असा झाला. जुना पण चांगल्या अवस्थेतला बेस २२,००० रुपये. सेटअप आणि नव्या तारा ३,५००. जाड बॅग, रुंद पट्टा आणि दोन केबल ४,५००. ट्यूनर आणि डीआय ११,०००. कानात घालायचे वादकांचे प्लग १,५००. उरलेले २,५०० अडीअडचणीला. प्लगवर भाचा कुरकुरला, पण तिथे मी अडून बसले. १०० डेसिबलच्या आवाजात १५ मिनिटांहून जास्त वेळ उघड्या कानाने राहू नये असं जाणकार सांगतात, आणि हा पोरगा ड्रमच्या शेजारी तीन तास उभा असतो. बेस बिघडला तर दुसरा येईल. कान दुसरे मिळत नाहीत.

गच्चीचं काम यंदा ताडपत्रीवर भागवलं. हप्ता दरमहा २,५०० चा आहे. सात आले, अकरा बाकी आहेत. दूल्हाभाईंचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही आणि ते बदलायची मला घाईही नाही. मात्र सांगलीत एका रिसेप्शनला ते हजर होते. भाच्याने गाण्याच्या मधेच तार उतरली म्हणून ट्यूनर दाबला, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघितलं, "ये खाली-खाली क्यों लगा?" मी म्हटलं, "आपलाच पोरगा थांबलाय."

तुमच्या घरात कुणी असं काही मागत असेल, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. मागच्या वीस कार्यक्रमांची यादी मागा. कार्यक्रम वीस झालेच नसतील तर वाद्य आधी भाड्याने घ्या. आणि झाले असतील, तर तो पोरगा कामच करतोय. सुताराला रंधा लागतो, तसा त्याला बेस लागतो.