आधी तांब्या ठेवा, मग ठिबक लावा

ठिबकाचे गणित मी बांधावर उभा राहून वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आष्टीत स्वतःच्या परसात पहिला भाजीपाला लावला, तेव्हा मीच चुकलो.

आपला तालुका अवर्षणाचा. उन्हाळ्यात हंड्याहंड्याचा हिशेब. म्हणून २०० लिटरचा ड्रम ३ फूट उंच ओट्यावर ठेवला, गाळणी बसवली, नळ्या अंथरल्या आणि वांगी-टोमॅटोची ४० रोपे लावली. ड्रिपर ताशी ४ लिटरचे. अर्धा तास सोडले की रोपाला २ लिटर, असा कागदी हिशेब केला.

आठवड्यात रोपांनी माना टाकल्या. मी रोग शोधू लागलो. घरच्या मंडळींनी मात्र ड्रिपरखाली तांब्या ठेवला. अर्ध्या तासाने दुधाच्या मापाने मोजले, तर पाणी जेमतेम अर्धा लिटर!

ताशी ४ लिटर हा आकडा पंपाच्या दाबाचा, म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा. ३ फुटांवरून तेवढे कोठून येणार? ड्रम रिता होईल तसा दाब आणखी उतरतो.

तेव्हा पहिल्याच दिवशी नळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक तांब्या ठेवा. घड्याळ लावून मोजा. शेवटी फारच कमी भरले, तर नळीचे टोक उघडून गाळ वाहू द्या, गाळणी धुवा. मग पाण्याची वेळ ठरवा.

पाणी वाचवायचे ते मातीत मुरून वाया जाणारे. रोपाच्या तोंडचे नव्हे.