स्वतःच्या सहीने : रायगड किनाऱ्याची दैनंदिनी (लेखांक पहिला)

सोमवार : भाऊचा धक्का, मांडवा, चरी

एकटीने प्रवास करावा, आणि तोही स्वतः मोटार चालवून करावा, हा विचार ज्या वयात माझ्या मनात स्थिर झाला, त्या वयात आमच्या घरच्या बायका बहुधा काशीयात्रेची बोलणी करीत किंवा मुलाच्या परदेशातील बिऱ्हाडी नातवंडे सांभाळायला जाण्याची सिद्धता करीत. त्यामुळे माघातल्या आजच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत मी माझी लहानशी गाडी चढवली, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या मुलाच्या मुद्रेवर काळजी आणि आदर ह्यांचे जे मिश्रण उमटले ते स्वाभाविकच होते. "आई, अजून सांग, येऊ का मी बरोबर?" असे त्याने शेवटचे विचारले, आणि मी नको म्हणाले.

महसूल खात्याच्या एका तालुका कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी सेवानिवृत्त झाले. परक्यांच्या जमिनींचे फेरफार, वारसनोंदी आणि सात-बाराचे उतारे आयुष्यभर माझ्या हातांखालून गेले, टिपणीखाली माझी सही उमटत राहिली. परंतु स्वतःचा दिवस कोठून कोठे न्यावा हा निर्णय मात्र क्वचितच माझ्याकडे आला. पुढे वैधव्य आले, साठी उलटली, आणि मी वाहन चालवण्याचा परवाना काढला. माहेर माझे श्रीवर्धनचे; तेथवर किनाऱ्याने, वाटेतल्या खाड्या ओलांडीत जावे, आणि कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई ही उपपदे बाजूला ठेवल्यावर आपली म्हणून कोणती ओळख उरते ते पाहावे, हा हेतू.

ह्या जिल्ह्याला प्रवासवर्णनाची परंपरा थोर आहे. पेणजवळच्या वरसईहून निघून १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पाहून आलेल्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. स्त्रियांची परंपराही काही कमी तेजस्वी नाही: आनंदीबाई जोशी १८८३ साली पतीविना अमेरिकेस गेल्या, आणि मीना प्रभूंनी पन्नाशीनंतर लेखणी हाती घेऊन एकटीने पाहिलेले देश मराठी वाचकाच्या घरी आणले. माझा पल्ला त्यांच्यापुढे अल्प असला, तरी अल्प पल्ल्यालाही निश्चय पूर्णच लागतो.

मार्च २०२० मध्ये ही बोटसेवा सुरू होण्यापूर्वी मुंबईहून गाडी घेऊन अलिबागेस यायचे म्हणजे पनवेल-पेणचा वळसा अटळ होता. आज तासाभरात मांडवा आले. तेथून थेट अलिबागेस न जाता मी पोयनाडच्या अंगाला वळले, कारण ज्या कूळकायद्याची कलमे मी उमेदीच्या वयात तोंडपाठ केली, त्याचे एक मूळ चरी गावात आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, आणि १९३९ पर्यंत ती शेते पडीक राहिली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचे विधेयक मांडले; १९३९ साली कूळकायदा आला आणि १९४९ साली खोती कायद्याने संपली. भाताच्या कापलेल्या खुंटांमधून बांधावर उभी असताना मला त्या संपकऱ्यांच्या घरांतील स्त्रियांचे स्मरण झाले. कणग्या रिकाम्या असताना ज्यांनी चुली पेटत्या ठेवल्या, त्यांच्यावाचून तो संप एक हंगामही टिकला नसता; पण दफ्तरात कूळ म्हणून नाव लागले ते बहुतांशी पुरुषांचे.

मंगळवार : अलिबाग, आक्षी, चौल

सकाळी ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात पायी गेले. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे. १७२९ साली कान्होजी निवर्तले. त्यांच्या वंशातील राघोजींनी १७५९ साली किल्ल्यात गणेशपंचायतनाचे देवालय बांधले. आणि १८४० साली औरस वारस नाही ह्या सबबीवर इंग्रज सरकारने संस्थान खालसा केले. वारसनोंद हा विषय माझ्या नित्याचा असल्यामुळे, एका नोंदीच्या अभावी आरमारासह एक संस्थान बुडाले हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात वाचताना जेवढे जाणवले नव्हते, तेवढे त्या तटावर उभे राहून जाणवले.

गावातील चुंबकीय वेधशाळेचे दर्शन बाहेरूनच घेतले. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस ह्यांनी १९०४ साली हे काम अलिबागेस आणले, आणि लोखंडाचा अंशही लागू न देता इमारत उभारली. शांत जागा मिळाल्याखेरीज सूक्ष्म सुई खरे सांगत नाही, हे त्या शास्त्रज्ञाने जाणले होते. माणसाच्या अंतःकरणाविषयीही ते तितकेच सत्य आहे.

अलिबागेहून रेवदंड्याच्या वाटेवर आक्षी लागते. तेथील शिलालेखाचा काळ अभ्यासक शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ मानतात, मराठीचा सर्वांत जुना उपलब्ध शिलालेख म्हणून त्याचा आज मान आहे. शिलाहार राजवटीतील एका दानाची ती नोंद आहे, म्हणजे महसुली दस्तऐवजच. त्या शिळेपुढे मी बराच वेळ बसले, कारण ज्या कामात माझे आयुष्य गेले त्याचा एवढा प्राचीन पूर्वज मी प्रथमच पाहत होते. परंतु दान मोडणाऱ्याला धाक बसावा म्हणून अशा शिळांवर जो शाप कोरीत, तो त्या माणसाच्या आईच्या विटंबनेचा असे. गधेगाळ म्हणून ह्या शिळा ओळखल्या जातात त्या त्यामुळेच. आपल्या भाषेतील जमिनीच्या आद्य नोंदींत देणारा पुरुष, घेणारे देवस्थान, आणि स्त्री केवळ शापापुरती, हा विचार मनाला लागून राहिला. तरीही हजार वर्षांत काहीच पालटले नाही असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा कायद्याने दिला, आणि त्याच दशकात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या प्रेरणेने नवऱ्यांनी बायकांची नावे सात-बारावर लावून घेतली. त्यांतील काही नावे मी स्वतः, सुवाच्य अक्षरांत, लिहिलेली आहेत, आणि माझ्या नोकरीतील ते सर्वांत आनंदाचे काम होते.

सायंकाळी चौलच्या रामेश्वराचे दर्शन घेऊन रेवदंड्यात मुक्काम. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात ह्याच बंदरात उतरला होता. त्याचे स्मारक गावात आहे. खाणावळीतल्या बाईंनी विचारले, "एकट्याच आलात, आजी? भीती नाय वाटत?" मी सांगितले की वाटते, पण गाडी चालवताना ती शेजारच्या आसनावर बसते, चक्र माझ्याच हाती असते. त्या हसल्या आणि त्यांनी आणखी एक तांदळाची भाकरी वाढली.

बुधवार : कोर्लई, फणसाड, मुरूड

कुंडलिका ओलांडून कोर्लईस आले. डोंगरावरील पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी १७४० च्या सुमारास घेतला, सत्ता गेली, व्यापार गेला. तथापि पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या संगमातून झालेली आपली भाषा आजही घरात बोलतात. दोन बाया जाळे निवडीत बसल्या होत्या. माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलल्या आणि लगेच एकमेकींशी त्या निराळ्या भाषेत. राजसत्तेचा आश्रय नसताना पावणेतीनशे वर्षे जी भाषा टिकली, ती अशाच अंगणांतून आयांनी मुलांना दिली म्हणून टिकली असली पाहिजे.

काशीदच्या सुरूबनातून पुढे फणसाडचे अरण्य लागते. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान १९८६ साली अभयारण्य झाले. वळणांचा रस्ता, उजव्या हाताला समुद्र. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ देत मी माझ्याच गतीने गेले.

मुरूडला पोचल्यावर किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसला. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी तो कासा बेटावर उभारला. त्या बांधकामाच्या काळातील, १६७५ च्या आरंभीचे, महाराजांचे एक पत्र प्रत्येक सरकारी नोकराने वाचावे असे आहे. आरमाराच्या दौलतखान आणि दर्यासारंग ह्यांना रसद व पैका पोचवण्यात कुचराई करणाऱ्या जिवाजी विनायक ह्या सुभेदाराची त्यात अत्यंत कडक शब्दांत हजेरी घेतली आहे, आणि जातीकडे पाहून मुलाहिजा होणार नाही हेही निःसंदिग्धपणे बजावले आहे. कचेरीतला एक कागद अडला की दूर समुद्रातल्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते, ही जाणीव त्या पत्राच्या अक्षराअक्षरांत आहे.

गुरुवार : जंजिरा, आगरदांडा, दिघी

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत मराठ्यांना वा इंग्रजांना न जिंकता आलेला हा जलदुर्ग. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. ह्याच तटाला लाय पाटील ह्या कोळी दर्यावर्द्याने रात्री जीव धोक्यात घालून शिड्या लावल्या. कुमक वेळेवर न आल्याने मोहीम फसली, पण महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. आम्ही दर्यावर वावरणारी माणसे, पालखी घेऊन काय करू, असे त्याने नम्रपणे सांगितले. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव 'पालखी' ठेवले, अशी कथा आहे. दुसऱ्याच्या खांद्यावरून मिरवण्यापेक्षा स्वतःच्या हाताने चालवण्याचे साधन त्याला अधिक मोलाचे वाटले.

दुपारी आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी उलटी चढवायची होती. धक्का उताराचा, दोन्ही बाजूंना पाणी, मागे वाहनांची रांग. बोटीवरचा तरुण खलाशी धावत आला. "काकू, चावी द्या, मी लावून देतो." त्याच्या सौजन्यात तिळमात्र कमीपणा नव्हता. मी म्हटले, "नको भाऊ, तू मागून हात दाखव, मी घेते." तो हात दाखवीत राहिला, मी आरशात त्याचा हात पाहत राहिले, आणि गाडी जागेवर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी मान वळवूनही पाहिले नाही. ज्या कामाकडे मान वळवून पाहावे असे कोणास वाटत नाही ते काम आपण सहज करतो, हीच माझी खरी पावती होती. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी ह्या खाडीवर पूल होऊ घातला आहे. तो झाला की वेळ वाचेल हे निश्चित, तथापि ह्या उताराने मला जे शिकवले ते मी विसरणार नाही.

दिवेआगरात मुक्काम. इ. स. १०६० चा, शके ९८२ चा, मराठी ताम्रपट ह्याच गावचा.

शुक्रवार : श्रीवर्धन

भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ ह्यांचे गाव, आणि रोठा सुपारीचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ह्या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. लहानपणी ज्या पोफळींच्या सावलीत मी पाटाच्या पाण्याने दळे शिंपली, त्यांतील फार थोड्या उभ्या राहिल्या. पंचाहत्तरी गाठलेला माझा दादा आता नवी रोपे राखतो आहे. आधी सावलीसाठी केळी लावल्या, त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे; त्यांना सुपारी धरायला बरीच वर्षे लागतात हे तो जाणतो. सकाळी मी त्याच्याबरोबर वाडीत पाणी लावले.

जेवणानंतर वहिनीने पान-सुपारीचे तबक ठेवले आणि दादाने एक मसुदा माझ्यापुढे केला. "तू कचेरीतली, जरा नजर घाल." त्याच्या मुलीने वाडीवरील आपला हक्क भावाच्या नावे सोडावा, असे ते हक्कसोडपत्र होते. वडील गेल्यानंतर असाच एक कागद माझ्यापुढेही आला होता. त्यावर मी सही केली, आणि त्याबद्दल आज माझी तक्रार नाही. ह्या घरात मला प्रेम कधी उणे पडले नाही. परंतु त्या दिवशी तुझी काय इच्छा आहे असे मला कोणी विचारले नव्हते, हे सत्य मी दादाला प्रथमच, शांतपणे, सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने मुलीला फोन लावला आणि विचारले, "तुझ्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "बाबा, मी येते, कागद वाचते, मग सांगते." भाचा शेजारीच होता. तो म्हणाला, "आत्या, ताई येईपर्यंत हा मसुदा तुझ्याकडेच ठेव." मी तो ठेवून घेतला. भाची सही करील किंवा करणार नाही. तो निर्णय तिचा, आणि तिला विचारून होणार, एवढे आज ठरले.

ज्या ओळखीच्या शोधात मी निघाले ती कोणत्याही तटावर किंवा लाटेत लिहिलेली नव्हती. जेथे माझे मत विचारले जाते आणि मी ते देते, जेथे चावी मागितली असता मी ती न देता मदत तेवढी घेते, तेथे मी आहे. इतकी साधी ती ओळख निघाली.

पुढील लेखांकात हरिहरेश्वर आणि बागमांडल्याहून सावित्रीपलीकडचा मुलूख येईल. तोवर माझ्या वयाच्या आणि माझ्याहून धाकट्या भगिनींना एकच विनंती. गाडी शिकणे जमले तर अवश्य शिका. न जमले तरी माहेरच्या जमिनीचा सात-बारा काढून आपले नाव वारस म्हणून लागले आहे की नाही ते पाहा. आणि हक्कसोडपत्र पुढे आले तर दुय्यम निबंधकापुढे जाण्याआधी ते अक्षरन् अक्षर वाचा, कारण नोंदणी झालेला असा दस्त सहजासहजी मागे घेता येत नाही. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण ठरवा तुम्हीच.